करवंदीच्या जाळ्यांना 'झुडपं' म्हणू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

यंदा एप्रिलमध्ये आमच्या गावच्या सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर, पोकलेन फिरला. काजूच्या लागवडीसाठी जागा साफ करायची होती. जागा भावकीतलीच. पुतण्याने आधी विचारलं होतं आणि मीही 'झुडपं काय, काढा' म्हणून मोकळी झाले. संध्याकाळी वर गेले तर झुडपं म्हणजे गडग्यालगतची, दगडी बांधाच्या कडेची, करवंदीची आख्खी रांग! मुळासकट उपटून ढीग घातला होता. फांद्यांना हिरव्या करवंदांचे घोस तसेच होते, मोडलेल्या डहाळ्यांतून पांढरा चीक ओघळत होता. दुसऱ्या दिवशी तो ढीग पेटवला. माझ्या एका शब्दाने हे झालं, म्हणून हे पत्र.

माझे वडील गावात औषध देत. करवंदीला ते 'करमर्द' म्हणत. चरकांनी हृद्य, म्हणजे हृदयाला हितकर, म्हणून जी दहा द्रव्यं सांगितली, त्यांत आंबा, बोर, डाळिंबाच्या पंगतीला करमर्द आहे, आणि सुश्रुतांच्या कंटकपंचमुळात, म्हणजे पाच काटेरी वनस्पतींच्या मुळांच्या गटात, तिचं मूळ आहे, हे त्यांनी मला पाठच करून घेतलं होतं. कच्चं करवंद पित्त वाढवतं, पिकलेलं पित्त शमवतं, हाही त्यांचाच धडा. घरात कुणाला पित्ताचा त्रास असला की आई करवंदाच्या लोणच्याची बरणी वरच्या फळीवर ठेवायची, पण मे महिन्यात पिकलेली करवंदं मात्र त्याच माणसापुढे आधी यायची.

जिल्हा परिषदेच्या शाळेत मी ३१ वर्षं शिकवलं. सुट्टी संपून जूनमध्ये मुलं यायची ती हातांवर काट्यांचे ओरखडे घेऊन. करवंद दातांनी अर्धं तोडायचं, आतून लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी. निवृत्तीच्या आदल्या वर्षी चौथीच्या वर्गात हा खेळ विचारला, तर सहाच मुलांनी हात वर केले. एसटी स्टँडवर पानाच्या खोल्यातून करवंदं विकणाऱ्या बायकाही आता दोन-तीनच दिसतात. त्यांतली एक म्हणाली, "बाई, जवळ मिळत नाहीत, लांब जावं लागतं."

काजू लावू नका असं मी म्हणत नाही, त्यावर घरं चालतात. पण बांधावरची जाळी तरी ठेवा. हिला ना पाणी लागतं ना खत, आणि गुरं आत शिरत नाहीत. ती उपटून तिथेच सिमेंटचे खांब नि काटेरी तार लावायला लोक पैसे मोजतात, हे मला समजत नाही. आमच्या दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 'कोकण बोल्ड' नावाची करवंदाची जात काढली आहे. दरवर्षीच्या वृक्षलागवडीत कृषी आणि वन खात्याने करवंदीचीही रोपं ग्रामपंचायतींना द्यावीत. आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये सड्यावरचं गवत पेटवणं थांबवावं. करवंदी फुलते ती त्याच दिवसांत.

मे अखेरीस मी पिकलेल्या करवंदांच्या बिया धुऊन लगेच पिशव्यांत टोचल्या. या बिया ठेवून चालत नाहीत. शंभरातल्या चाळीसेक उगवल्यात. पुढच्या पावसात त्या त्याच गडग्याला लावायच्या आहेत. खड्डे पुतण्या मारून देणार आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, ता. लांजा, जि. रत्नागिरी