कोंबीचं इंजिन घरी उतरवलं, त्याबद्दल

बांदोडे, फोंडा (गोवा)

प्रिय बंड्या,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र कालच मिळालं. गॅरेजवाला तुझ्या कोंबीचं, म्हणजे त्या जुन्या फोक्सवॅगन व्हॅनचं, इंजिन काढून तिथे आजकालच्या कारचं इंजिन बसवा म्हणतोय आणि तू जवळजवळ तयार झालायस, हे वाचून लगेच लिहायला घेतलं. हो म्हणू नकोस. आधी इंजिन उतरव, घरीच उतरव, आणि काय बिघडलंय ते स्वतःच्या डोळ्यांनी बघ. मी नुकतंच उतरवलंय, म्हणून एवढं ठासून सांगतोय.

तुझी तक्रार आणि माझी एकच होती. चोर्ला घाटात इंजिनचा आवाज चढायचा आणि गाडी मात्र तिथेच रेंगाळायची. म्हणजे क्लच घसरत होता. रात्रभर उभी केली की गाडीखाली तेलाचा डाग पडायचा, नेमका इंजिन आणि गिअरबॉक्स जुळतात तिथे. ते तेल बोटावर घे आणि वास घे. गिअरबॉक्सच्या तेलाला गंधकाचा उग्र वास असतो, इंजिनच्या तेलाला नसतो. माझ्या बोटावर काळं, बिनवासाचं तेल आलं आणि दोष फ्लायव्हीलमागच्या (इंजिनच्या टोकाला फिरणाऱ्या जड चाकामागच्या) ऑइल सीलचा असणार हे तिथेच कळलं. सील बोटभर रुंदीचंही नाही, पण तिथवर पोचायला अख्खं इंजिन खाली घ्यावं लागतं. तुझ्या गॅरेजवाल्याला ते नको असणार.

काम अवघड नाही, पण घाई चालत नाही. आधी बॅटरीची मायनस वायर काढ. मग पेट्रोलचा पाइप चिमटवून बंद कर. आपलं इंजिन गाडीच्या मागच्या टोकाला आणि टाकी त्याच्या पुढेच, पत्र्याआड आहे, पाइप मोकळा सोडलास तर पेट्रोल वाहत राहील. वायर काढण्याआधी प्रत्येकीला चिकटपट्टी लावून नाव लिही. अ‍ॅक्सिलरेटरची केबल कार्ब्युरेटरवरून सुटते, हीटरच्या केबली खालून. इंजिनला गिअरबॉक्सशी धरून ठेवणारे बोल्ट चारच, सगळे सतराच्या पान्याचे. खालचे दोन समोर दिसतात. वरचे दिसतच नाहीत. गाडीखाली उताणं झोपून, गिअरबॉक्सच्या वरून हात घालून, चाचपूनच ते शोधावे लागतात. माझा हात मनगटाशी अडकत होता, शेवटी माझ्या लेकीचा बारीक हात आत गेला. ती डोळे मिटून पाना बसवायची आणि बसला की नुसतं ‘हां’ म्हणायची. उजवीकडचा वरचा बोल्ट स्टार्टरलाही धरून असतो, हे ध्यानात ठेव.

एक गोष्ट फार महत्त्वाची. आमच्याकडे कशाखालीही चिरा लावायची सवय, तुमच्याकडे विटा. गाडीखाली दोन्ही नकोत. चिरा वजनाखाली न सांगता फुटतो. लोखंडी स्टँड भाड्याने आण. आपल्या गाड्या १९७२ नंतरच्या, मागचा पत्रा सुटत नाही, त्यामुळे इंजिन खालूनच बाहेर येतं आणि पंख्याचं आवरण पत्र्याखालून निसटेल इतकी गाडी उचलावी लागते. एवढी उंच केलेली गाडी डुगडुगता कामा नये. गिअरबॉक्सलाही पट्ट्याचा आधार दे, इंजिन गेलं की तो मागच्या बाजूने लोंबकळतो. अंगण मातीचं असेल तर जॅकखाली जाड प्लायवूड टाक, नाहीतर चाकं रुततील.

इंजिन शंभर किलोच्या वर आहे. जॅक बरोबर मध्यावर घे, मागचा आडवा दांडा सोडव आणि मग इंजिन सरळ मागे ओढ. गिअरबॉक्सचा शाफ्ट क्लचमधून पूर्ण बाहेर येईपर्यंत खाली घ्यायचं नाही. सगळं वजन त्या शाफ्टवर आलं तर क्लच प्लेट वाकते. आम्ही दोघं दोन्ही बाजूंनी हलके हेलकावे देत होतो, इंजिन मध्येच मोकळं झालं आणि जॅकसकट मागे सरकलं. त्या क्षणाचा आनंद मला शब्दांत सांगता येणार नाही.

पुढचं तू करशीलच. फ्लायव्हीलचा ३६चा नट सुटायला लांब पाइप लागेल. आतल्या तीन बारीक चकत्या जपून ठेव. क्रँकची, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याची, मागेपुढे हालचाल त्यांच्यावर ठरते, ती ०.०७ ते ०.१३ मिलिमीटरमध्ये बसायला हवी. क्लच प्लेट तेल प्यायली असेल तर धुवून वापरू नकोस, नवी घाल. आणि पेट्रोलचे सगळे रबरी पाइप बदल. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, जुनं रबर त्यात टिकत नाही. इंजिनचं कवच मॅग्नेशियमचं आहे, पेटलं तर पाण्याने विझत नाही, उलट भडकतं. बऱ्याच कोंबी अशाच जळाल्या आहेत.

इंजिनभोवतीचे पत्रे आणि कडेची रबरी पट्टी मात्र एकही टाकू नकोस. गॅरेजवाले ‘याची गरज नाही’ म्हणून फेकून देतात आणि नंतर इंजिन गरम होतं म्हणून तक्रार करतात. हे इंजिन हवेवर जगतं. ती पट्टी नसली तर खालची तापलेली हवाच पंखा पुन्हा ओढतो. हीटर आपल्या हवेत लागत नाही हे खरं, पण त्याच्या नळ्या काढल्या तर पंख्याच्या आवरणाची भोकं बुजवायला हवीत, नाहीतर सिलिंडरची हवा तिकडून निघून जाते.

राहिला प्रश्न नव्या इंजिनचा. त्यासाठी पुढे रेडिएटर, गाडीच्या लांबीभर पाण्याचे पाइप, जोडायला वेगळी प्लेट, वर आरटीओची परवानगी. आणि जुन्याचे भाग मिळत नाहीत हे तुला कुणी सांगितलं? ब्राझीलमध्ये २००५ अखेरपर्यंत कोंबीत हवेवर थंड होणारं इंजिनच बसत होतं, भाग आजही मिळतात. या गाड्या तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान ओलांडून आमच्या गोव्यातल्या हणजुण्याच्या (अंजुना) किनाऱ्यापर्यंत याच इंजिनावर आल्या रे. तुझ्या कोंबीला तुमच्या घाटांची कसली भीती?

पाऊस तोंडावर आलाय. इंजिन उघडं ठेवलंस तर सगळ्या तोंडांत स्वच्छ चिंध्या कोंब. माझ्याकडे एका रात्रीसाठी उघड्या राहून गेलेल्या भोकात सकाळी कुंभारमाशीने मातीचं घर बांधायला घेतलं होतं.

डायनॅमोच्या स्टँडखाली कवचावर इंजिनचा नंबर कोरलेला आहे, कपड्याने पुसून बघ. सुरुवातीची अक्षरं मला कळव, म्हणजे माझ्यासोबत तुझंही सील आणि क्लच प्लेट मागवतो. तोवर गॅरेजवाल्याला काही कबूल करू नकोस.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
अण्णा