उद्घाटनाच्या उपासनेत गवंडी कुठे बसणार?

संपादक महोदय,

नव्या चर्चच्या उद्घाटनाची निमंत्रणपत्रिका उघडली की आधी पाहुण्यांची नावे दिसतात. उपासनेचा क्रम मागच्या पानावर असतो, तोही बारीक टायपात. तयारीच्या बैठकांतही हेच चालते: फीत कोण कापणार, पहिल्या रांगेत कोण, कोनशिलेवर कोणाचे नाव वर. ज्यांनी भिंती उभ्या केल्या त्या गवंडी, सुतार, वायरमन मंडळींसाठी खुर्च्या राखून ठेवल्याचे मी तरी क्वचितच पाहिले आहे.

हा दोष धर्मविधीचा नाही. कॅथलिक चर्चने 1977 मध्ये सुधारून दिलेल्या समर्पणविधीत सुरुवातीलाच बांधकामाशी संबंधित लोकांचे प्रतिनिधी वास्तू बिशपांच्या स्वाधीन करतात. वेदीला आणि भिंतींना तैलाभ्यंग होतो तो त्यानंतर. स्वाधीन करताना हाती काय द्यायचे, याचे पर्यायही सांगितले आहेत: मालकीची कागदपत्रे, किल्ल्या, इमारतीचा आराखडा, किंवा काम कसे होत गेले ते आणि काम करणाऱ्यांची नावे लिहिलेली वही. किल्ली फोटोत छान दिसते, हे खरे. पण मला विचाराल तर वही द्यावी, आणि ती देताना त्यातली नावे मोठ्याने वाचावीत. अर्थात, त्यासाठी वही पायाभरणीपासूनच ठेवायला हवी. शेवटच्या आठवड्यात कंत्राटदाराकडे नावे मागितली, तर काम संपवून पांगलेल्यांची नावे कुठून मिळणार?

ज्या प्रोटेस्टंट मंडळ्यांत विधीचा साचा इतका बांधीव नाही, तिथे तर कोणाची आडकाठीच नाही. पवित्र शास्त्रातला दाखलाही हाताशी आहे. शलमोन राजाच्या मंदिराची हकिगत सांगताना ‘1 राजे’ या पुस्तकाच्या अध्याय 7 मध्ये सोर नगराहून बोलावलेल्या हिराम नावाच्या पितळकाम्याची ओळख येते: आई नफताली वंशातली विधवा, बाप सोराचा, तोही पितळेचाच कारागीर. राजाच्या बरोबरीने एका कारागिराचे घराणे नोंदवायला त्या लेखकाला जागा पुरली. आपल्या पत्रिकेत मात्र ती पुरत नाही.

तयारीचा दुसरा भाग आवाजाचा. माइकची चाचणी बहुधा रिकाम्या चर्चमध्ये होते. रिकाम्या वास्तूत आवाज घुमतो. माणसे बसली की त्यांची अंगे आणि कपडे तो बराचसा शोषून घेतात. म्हणून आदल्या दिवशी मंडळीलाच बोलवावे, सगळी गीते एकदा म्हणवून घ्यावीत आणि शास्त्रपाठ वाचणाऱ्याला शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाते का ते पाहावे. व्हीलचेअर उतारावरून आत येते का, बाहेर पडायची सगळी दारे उघडतात का, हेही तेव्हाच कळते. धूप जाळणार असाल, तर धुराची सूचना देणारी घंटा कुठे बसवली आहे ते विचारून ठेवा. ऐन प्रार्थनेत ती वाजली तर भल्याभल्यांना हसू आवरत नाही.

आणि तारखेची एवढी घाई कशाला? प्रमुख पाहुणे त्याच दिवशी मोकळे आहेत म्हणून बाकांचे पॉलिश ओले असताना उपासना उरकायची, हे मला पटत नाही. बार्सिलोनाच्या साग्रादा फामिलिया चर्चचे काम 1882 मध्ये सुरू झाले आणि पोप बेनेडिक्ट सोळावे यांच्या हस्ते त्याचे समर्पण झाले ते 2010 मध्ये. तेव्हाही बांधकाम पूर्ण झालेले नव्हते. राहिलेले काम मागाहून होऊ शकते, पण ते राहिले आहे हे लपवण्यासाठी पडदे लावायची धावपळ नको.

आपल्या वृत्तपत्रालाही एक विनंती. अशा समारंभाची बातमी देताना मान्यवरांची यादी थोडी आखडती घ्यावी आणि मुख्य गवंड्याचे नाव विचारून छापावे.

एक वाचक