तलाव क्षेत्रात माणसंही राहतात

मा. संपादक,
स. न.

कालच्या शनिवारच्या पुरवणीत मुंबईजवळच्या उन्हाळी सहलींचं जे पान आलंय त्याबद्दल लिहितेय. काल दुपारी वाचलं तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये, आज सुट्टी आहे म्हणून लिहायला बसले.

शहापूर तालुका माझं माहेर. त्यामुळे पान बघून आधी आनंदच झाला. माहुलीचा किल्ला, आसनगावला उतरून तिथे कसं जायचं, आजोबा डोंगर, करवंदं, जांभळं, मे संपता संपता दिसणारे काजवे, सगळं आलंय आणि आमच्या भागाबद्दल कोणी चार चांगले शब्द लिहिले तर कोणाला नको असतील? पण खालच्या चौकटीत तुम्ही छापलंय की गावातल्या जुन्या दगडी विहिरीत मनसोक्त डुंबून घ्या. ही ओळ ज्यांनी लिहिली ते मे महिन्यात एकदा तरी आमच्याकडे आलेत का? आणि ती ज्यांच्या हाताखालून गेली त्यांनी तरी एखादा फोन करून विचारायचं होतं.

मे महिन्यात आमच्या विहिरीत जे पाणी असतं ते विहिरीचं नसतंच. ते टँकरचं असतं. विहीर फेब्रुवारीतच तळाला जाते, मग टँकर येतो, त्याचा पाइप विहिरीत सोडतात आणि तेच पाणी बायका पोहऱ्याने शेंदून फडक्यातून गाळून घरी नेतात. लांबून बघणाऱ्याला ती भरलेली विहीर वाटते.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. तीन दिवस टँकर आला नव्हता, चौथ्या दिवशी संध्याकाळी आला. घरटी दोन-दोन हंडे काढायचे आणि उरलेलं सकाळसाठी ठेवायचं असं सगळ्यांनी मिळून ठरवलं, कोणी भांडलं नाही. सकाळी सातला माझी वहिनी हंडा घेऊन गेली तर विहिरीत पाच-सहा मुलं पोहतायत, कठड्यावर शाम्पूच्या फाटलेल्या पुड्या, बाजूला दोन गाड्या उभ्या आणि गाणी चालू. वहिनी म्हणाली, "दादा बाहेर या, ते टँकरचं पाणी हाय, प्यायचं हाय." त्यातला एक म्हणाला, "काकू पाचच मिनिटं, विहीर काय संपणारे का?" मग आजूबाजूच्या बायका जमल्या तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, बाहेर आली, हात जोडून माफी पण मागितली. मुलं वाईट नव्हती हो. त्यांना कोणीतरी सांगितलेलं की विहिरीत पोहायला मजा येते, बस. काल तुम्ही तेच लाखो लोकांना सांगितलंत.

साबणाचं ते पाणी कोण पिणार? गुरांना पण द्यावं की नको असा प्रश्न पडला. शेवटी भांड्यांना आणि कपड्यांना वापरलं. प्यायला मग खालच्या ओढ्यात डवरा खणलाय तिथे जायचं, वाटीने भरत बसायचं, एक हंडा भरायला अर्धा-पाऊण तास. माझी आई तेव्हा अडुसष्ट वर्षांची, घरी सगळे नको म्हणत होते तरी गेली कारण वहिनीचं बाळ लहान होतं. चढ चढताना हंड्यासकट पडली. उजवं मनगट मोडलं, दीड महिना प्लास्टर. तो हात अजून पूर्ण वळत नाही, भाकरी थापता येत नाही तिला. मी डोंबिवलीत नळाखाली भांडी घासताना ही गोष्ट आठवत नाही असा एक दिवस जात नाही.

कारण मुंबईचे नळ आमच्याच भागावर चालतात. मुंबईला जे पाणी मिळतं त्यातलं निम्म्याच्या आसपास आमच्या तालुक्यातल्या एकट्या भातसा धरणाचं. तानसा धरण 1892 सालचं, म्हणजे माझ्या पणजीच्याही आधीपासून आमचं पाणी शहराकडे चाललंय, पाइपलाइन तालुक्यातूनच जाते. आमची गावं-पाडे उंचावर, धरण खाली, आणि खाली काळा कातळ, त्यात पाणी मुरत नाही. पावसात एवढं कोसळतं की घराबाहेर पडता येत नाही आणि चार महिन्यांनी विहिरीचा तळ दिसतो. पाणी वर चढवायला पंप लागतो, टाकी लागते, वीजबिल कोणीतरी भरायला लागतं. एवढंच काम आहे, आणि ते माझ्या लहानपणापासून होतंय होतंय असं ऐकतेय. भावली धरणातून पाणी आणायच्या योजनेची बातमी तुम्हीच मधूनमधून देता, ती कुठवर आली ते मात्र वाचायला मिळत नाही.

जुलै आला की तुमच्या पहिल्या पानावर बातमी असते, तलाव क्षेत्रात दमदार पाऊस, मुंबईकरांना दिलासा. सात तलावांचे टक्के रोज चौकटीत. त्या तलाव क्षेत्रात माणसं राहतात, त्यांचे टँकर कधी सुरू झाले आणि किती दिवसांनी येतात त्याची पण एक चौकट उन्हाळ्यात छापा ना. जागा नाही असं म्हणू नका, काल धबधब्याच्या फोटोला अर्धं पान दिलंत. आणि तो फोटो पावसाळ्यातला आहे. विहीगावचा धबधबा मेमध्ये असा कोसळत नाही, तिथे जाऊन लोकांना कोरडे दगड दिसतील, आणि मग पाणी शोधत ते कुठे जाणार? आमच्या विहिरीवरच.

लोकांनी येऊ नये असं मी म्हणत नाहीये. आमच्या पाड्यावरच्या दोन घरी पाहुण्यांना जेवण देतात, चार पैसे मिळतात, करवंदं विकून मुलींची वह्या-पुस्तकं होतात. या, रहा, काजवे बघा पण बॅटऱ्या मारू नका, गाडीचे दिवे बंद ठेवा. प्यायचं पाणी गाडीत घालून आणा.

माझी मागणी एकच आहे. येत्या शनिवारी त्याच पानावर, त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात छापा की गावातल्या विहिरींमध्ये उतरू नका, ते पिण्याचं पाणी आहे. मे महिना अजून संपलेला नाही. आणि मागच्या वर्षी कसारा लोकलवर मी पत्र लिहिलेलं त्याचा शेवटचा अर्धा भाग तुम्ही कापलात, त्यामुळे आसनगावच्या पुढे गाड्या वाढवा ही मूळ मागणीच छापून आली नाही. या वेळी जागा कमी पडली तर बाकी सगळं कापा, विहिरीचं राहू द्या.

तुमची वीस वर्षांची वाचक,
डोंबिवली (माहेर डोळखांबजवळ, ता. शहापूर)