विषय : इंटरनेट स्पीड 100 एमबीपीएस, पान उघडायला 20 सेकंद, तक्रार दोनदा ‘सोडवली’ म्हणून परस्पर बंद केल्याबाबत

मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

आत्ताच तुमच्या कॉल सेंटरशी 31 मिनिटं बोलून फोन ठेवला आणि लगेच लिहायला बसलो आहे. माझं अंबाजोगाईत मोंढ्याजवळ ऑनलाइन कामांचं दुकान आहे. तीन कम्प्युटर, एक प्रिंटर आणि तुमचं कनेक्शन.

महिन्याभरापासून तिन्ही मशीन रडतखडत चालतात. काहीही उघडा, आधी 15-20 सेकंद पांढरं पान, मग एकदम सगळं धाडकन येतं. तुमच्याच माणसांच्या सांगण्यावरून मी एक कम्प्युटर फॉर्मॅट केला, दुसऱ्यात 3,200 रुपयांची रॅम टाकली. फरक शून्य. आजार म्हशीला आन् इंजेक्शन पखालीला.

शेवटी भाच्यानं कमांड विंडो उघडून दाखवलं. गूगलच्या 8.8.8.8 या सर्व्हरला पिंग केलं, म्हणजे नुसती हाक मारली, की 24 मिलिसेकंदात उत्तर. तुमच्या राउटरनं दिलेल्या डीएनएसला, म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या सर्व्हरला, एन-एस-लुकअप या कमांडनं वेबसाइटचं नाव विचारलं, तर ‘टाइम्ड आउट’, 2 सेकंद, पुन्हा 2 सेकंद. दोनपैकी पहिला सर्व्हर मुकाच, दुसरा मनाला वाटलं तर बोलतो. एका पानामागं दहा-वीस नावं शोधावी लागतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. तुमच्या डीएनएसच्या जागी हातानं 8.8.8.8 टाकलं आणि तीच वेबसाइट चुटकीसरशी उघडली. जुन्या रॅमवर, बरं का.

हे सगळं आज तुमच्या प्रतिनिधी मॅडमना सांगितलं. पुढचं संभाषण जसंच्या तसं देतो :

“सर, स्पीड टेस्ट करा. किती येतोय?”
“98. पण ते पान उघडायलाच 20 सेकंद लागले.”
“98 म्हणजे ओके आहे सर.”
“मॅडम, नाव सापडल्यावर स्पीड मोजला जातो. नावच सापडत नाही. तुमचा डीएनएस बंद आहे.”
(दोन मिनिटं गाणं.)
“सर, आपल्या प्लॅनमध्ये डीएनएस दिसत नाही. अपग्रेड करायचाय का?”

मी पुन्हा विचारलं, काय म्हणालात? त्यांनी पुन्हा तेच सांगितलं, वर 200 एमबीपीएसच्या प्लॅनचा दरही. समोर सातबाऱ्यासाठी आलेले एक आजोबा बसले होते. ते म्हणाले, “घेऊन टाक की बाबा, मला लातूरची गाडी गाठायचीय.” त्या मॅडमवर माझा राग नाही. त्यांच्यापुढं जो कागद ठेवलाय त्यात ‘कम्प्युटर फॉर्मॅट करा’च्या पुढं काही छापलेलंच नसणार. तो कागद तुम्ही छापलाय.

तुमचा माणूस एकदा येऊनही गेला. त्यानं काय केलं? आम्ही हातानं टाकलेला आकडा पुसून सेटिंग ‘ऑटोमॅटिक’ केलं, म्हणजे परत तुमचाच मुका सर्व्हर, आणि माझी सही न घेता तक्रार बंद. राउटरचा पासवर्ड तुमच्याकडं, त्यामुळं तिथं बदल करायची सोय नाही. पीक विम्याच्या गर्दीत लोक समोरच्या दुकानात गेले, ते वेगळंच. आणि हो, कम्प्युटर फॉर्मॅट केला होता.

सहा वर्षं मीच गल्लीत तुमचं नाव सांगून चार-पाच कनेक्शनं लावून दिली. आता त्यांच्यासमोर कोणतं तोंड घेऊन जाऊ?

सर्व्हर दुरुस्त करा किंवा राउटरचा पासवर्ड द्या, आणि या महिन्याचं बिल माफ करा. तक्रारीचा डॉकेट नंबर लेखी हवा. ट्रायच्या (दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या) 2012 च्या नियमांप्रमाणे पुढचं अपील मी करणारच. तिथंही गाणंच ऐकवलंत तर बीडला जिल्हा ग्राहक आयोग आहे. सेवेसाठी मोजलेले पैसे 5 लाखांपर्यंत असतील तर तिथं फी लागत नाही आणि फॉर्म ऑनलाइन भरता येतो. रोज दुसऱ्यांचे फॉर्म भरतो, एक स्वतःचा भरीन.

पुन्हा माणूस पाठवणार असाल, तर ‘ऑटोमॅटिक’ला हात लावू नको एवढं त्याला बजावून पाठवा.

आपला ग्राहक (अजून तरी),
अंबाजोगाई, जि. बीड