ब्राउझरला निरोप्या मिळवून देणाऱ्या काकांना

ती. स्व. काकांना,
सादर नमस्कार.

हेच पत्र पाकिटात घालून आपल्या हाती दिले असते, तर आपण ते न वाचताच चष्म्याच्या घरात ठेवले असते आणि वायरिंगचा विषय काढला असता, म्हणून ते उघड लिहिण्याचे धाडस करते आहे. आपले नाव कुठेही येऊ नये ही आपली अट मी पाळली आहे. डिलो या हलक्या ब्राउझरमधून टोरंट उतरवण्याचे आपले काम मात्र सविस्तर सांगणार आहे, कारण जुन्या संगणकांवर वर्ग चालवणाऱ्या आणखी कोणाला ते उपयोगी पडले तर त्याला आपली हरकत नसेल, असे मी गृहीत धरले आहे.

पंचवटीतील आमच्या वर्गात नऊ संगणक आहेत. सगळे देणगीतून आलेले, सगळे ३२ बिटी, आणि बहुतेकांत १ जीबी रॅम. दिंडोरी आणि पेठ या बाजूंनी येणारी मुले त्यांवर लिनक्स शिकतात. आजचा कोणताही मोठा ब्राउझर या यंत्रांवर दोन टॅबमध्ये गुदमरतो, म्हणून आम्ही डिलो वापरतो. हा ब्राउझर १९९९ साली सुरू झाला, २०१५ नंतर जवळजवळ नऊ वर्षे त्याची नवी आवृत्ती आली नाही आणि २०२४ मध्ये तो पुन्हा जागा झाला. त्यात जावास्क्रिप्ट नाही, त्यामुळे अर्धे जग त्यात दिसत नाही. पण माहितीपुस्तिका आणि लेख वाचायला तो पुरतो, आणि बटण दाबताच उघडतो.

आमची अडचण मोठ्या फायलींची होती. डेबियन या लिनक्सच्या प्रकाराच्या १३व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२५ पासून, ३२ बिटी यंत्रांसाठी इन्स्टॉलर मिळत नाही, त्यामुळे आम्हाला १२व्या आवृत्तीच्या डीव्हीडी प्रतिमा, म्हणजे अख्खी डीव्हीडी एका फायलीत, हव्या होत्या. शिवाय घरी इंटरनेट नसलेल्या मुलांसाठी किविक्स या इंटरनेटशिवाय वाचण्याच्या प्रोग्रामच्या स्वरूपातील मराठी विकिपीडिया उतरवून ठेवायचा होता. एकाच सर्व्हरवरून उतरणारी फाइल बहुतांश येऊन वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून, हा अनुभव आम्ही इतक्या वेळा घेतला की मुले त्याला ‘सापशिडी’ म्हणू लागली. टोरंटमध्ये फाइल एका सर्व्हरऐवजी ती असलेल्या अनेक संगणकांकडून तुकड्या-तुकड्यांनी येते, आणि मॅग्नेट दुवा म्हणजे त्याच फाइलची ओळख सांगणारा दुवा. डेबियन स्वतः टोरंट फायली देते आणि किविक्सकडे मॅग्नेट दुवेही असतात, पण डिलोमध्ये मॅग्नेट दुव्यावर क्लिक केले तर हा प्रोटोकॉल मला माहीत नाही असेच उत्तर येई. मग मुले तो लांबलचक दुवा कॉपी करून टर्मिनलमध्ये चिकटवत, आणि निम्म्या वेळा त्याचे शेपूट मागेच राहून जाई.

यावर मी जो उपाय आरंभला होता, तो आठवला की आजही ओशाळायला होते. मे महिन्याच्या सुट्टीतले दोन आठवडे खर्चून मी टोरंट उतरवणारी लिबटोरंट ही लायब्ररी डिलोच्या स्रोत-कोडमध्येच जोडायला घेतली होती. ऑपेरा या ब्राउझरने २००६ मध्ये आपल्या ९व्या आवृत्तीत ब्राउझरच्या आतच बिटटोरंट, म्हणजे टोरंट उतरवण्याची सोय, दिले होते, मग आपल्याला का जमू नये, असा माझा युक्तिवाद होता. जोडणी झाली आणि एक फाइल उतरूही लागली. मात्र अर्धवट उतरलेल्या फाइलचे तुकडे तपासण्याची वेळ आली की खिडकी गोठायची. बिटटोरंट प्रत्येक तुकड्याचा हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेला ओळखीचा ठसा, मोजून पाहतो. तुकडा २५६ केबीचा धरला तर १ जीबीच्या फाइलचे ४०९६ तुकडे होतात, आणि आमच्या जुन्या डिस्कवर ते सगळे वाचून तपासेपर्यंत ब्राउझरने एकही पान दाखवले नाही.

त्या दिवशी आपण आमच्या वर्गात केवळ संगणक एकमेकांना जोडणारा नेटवर्क स्विच बदलून द्यायला आला होता. आपण माझा कोड वाचला नाही. एकच प्रश्न विचारला: “ब्राउझर बंद केला, तर डाउनलोडचं काय होतं?” मी म्हटले, तेही बंद होते. “आणि डाउनलोड कोसळलं, तर ब्राउझरचं काय होतं?” या प्रश्नाचे उत्तर आपल्यालाही ठाऊक होते आणि मलाही. ऑपेराच्या दाखल्यावर आपण एवढेच म्हणालात की २०१३ मध्ये ऑपेराने इंजिन बदलले, तेव्हा ही आतली सोय गेलीच. आणि मग आपण ते वाक्य उच्चारले, जे आता आमच्या फळ्याच्या कोपऱ्यात कायमचे लिहिलेले आहे: “ब्राउझरच्या पोटात टोरंट घालू नका, त्याला निरोप पोचवायला शिकवा.”

काका, दोन आठवड्यांचे काम टाकून द्यावे लागणार हे सांगताना आपण मला क्षणभरही मूर्ख ठरवले नाही. या पत्रातले पहिले आणि सर्वांत मोठे आभार त्यासाठी आहेत.

पुढचे चार रविवार आपण नवीन नाशिकहून स्कूटरवर येत राहिलात. त्यांतल्या एका रविवारी गोदेचे पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागले होते आणि मी फोन करून येऊ नका म्हणाले होते. तरी आपण होळकर पुलावरून भिजत आलात आणि आल्या आल्या विचारलेत की मॅग्नेटचा निरोप आता कुठपर्यंत पोचतो. डिलोला प्लगइन जोडण्याची जी व्यवस्था आहे, तिच्यात प्रत्येक प्लगइन हा वेगळा प्रोग्राम असतो आणि ब्राउझर त्याच्याशी छोट्या संदेशांतून बोलतो, हे मी वाचलेले होते. पण तिचे मोल मला कळलेले नव्हते. आपण सेटिंगच्या एका फायलीत मॅग्नेट या प्रोटोकॉलसमोर आमच्या प्लगइनचे नाव लिहायला लावलेत, प्लगइन सांभाळणारा डिमन, म्हणजे पडद्यामागे चालणारा प्रोग्राम, थांबवून पुन्हा चालू करायला लावलात, आणि ब्राउझरच्या मूळ स्रोताला हातही न लावता दुवा पहिल्यांदा आमच्या हाती आला.

फाइल उतरवण्याचे खरे काम एरिया२ या प्रोग्रामकडे सोपवले. तो पार्श्वभूमीत स्वतंत्र चालतो, आणि टोरंट उतरवताना त्याला साधारण ९ एमबी स्मृती पुरते असे त्याच्या माहितीपुस्तिकेतच म्हटले आहे. प्लगइन दुवा घेतो, १२७.०.०.१ या स्वतःच्याच पत्त्यावर ६८०० क्रमांकाच्या पोर्टला आरपीसी संदेश, म्हणजे एका प्रोग्रामने दुसऱ्याला काम सांगण्याचा निरोप, पाठवतो, आणि किती टक्के उतरले हे सांगणारे साधे एचटीएमएल पान ब्राउझरला परत देतो. जावास्क्रिप्ट नसल्यामुळे ते पान स्वतःहून ताजे होत नाही, रीलोड दाबावे लागते. मला हे उणे वाटले होते. “मुलांना सारखं बघत बसायची सवय नको,” असे म्हणून आपण तो प्रश्न निकालात काढलात, आणि हा तांत्रिक खुलासा होता की शिक्षणशास्त्रीय, हे मला अजून ठरवता आलेले नाही. टोरंट फायलींचे काम सोपे होते: ती छोटी फाइल ब्राउझर नेहमीप्रमाणे उतरवतो आणि एक स्क्रिप्ट तिला उचलून एरिया२च्या स्वाधीन करते.

एका चुकीबद्दल आपण मला खरोखर रागावलात, आणि त्या रागाबद्दलही आभार मानले पाहिजेत. सुरुवातीला माझा प्लगइन आरपीसी न वापरता दुव्याचा मजकूर तसाच जोडून एक आज्ञा तयार करत असे आणि ती शेलकडे, म्हणजे टाइप केलेल्या आज्ञा पाळणाऱ्या प्रोग्रामकडे, देत असे. मॅग्नेट दुव्यात फाइलची ओळख सांगणारा ४० अक्षरी हॅश असतो, आणि त्यापुढे अँपरसँडच्या (&) चिन्हाने जोडलेले ट्रॅकरचे, म्हणजे फाइल कोणाकडे आहे हे सांगणाऱ्या सर्व्हरचे, पत्ते येतात. शेलसाठी त्या चिन्हाचा अर्थ ‘इथवरची आज्ञा मागे चालू ठेव’ असा असल्यामुळे आमचा दुवा पहिल्याच चिन्हापाशी तुटत होता. ट्रॅकर गळून पडत होते, फाइलची माहिती केवळ डीएचटीच्या, म्हणजे ट्रॅकरशिवाय संगणकांनीच एकमेकांत सांभाळलेल्या नोंदींच्या, जाळ्यातून शोधावी लागत होती, आणि डाउनलोड सुरू व्हायलाच बराच वेळ लागत होता. मी दोन दिवस आमच्या इंटरनेट सेवेला बोल लावत बसले होते. आपण एका ओळीवर बोट ठेवून म्हणालात की दुवा तुटतो हे नशीब समजा, कारण एखाद्या पानाने याच जागी आज्ञा लिहून ठेवली असती, तर तुमच्या यंत्राने ती निमूटपणे पाळली असती. तेव्हापासून दुवा शेलच्या वाटेने कधीच जात नाही, आणि आरपीसीला गुप्त टोकनही लावलेले आहे.

वीज जाण्यावरचा इलाज आपण इतक्या सहजपणे सांगितलात की तो लिहून घ्यायचे मी विसरलेच होते. एरिया२ दर मिनिटाला आपल्या चालू कामांची यादी एका फायलीत लिहून ठेवतो आणि पुन्हा सुरू होताना तीच यादी वाचतो, एवढी दोन-तीन सेटिंगे केली की झाले. तसेच फाइलची संपूर्ण जागा आधीच शून्यांनी भरून ठेवण्याची त्याची मूळ सवय आपण बंद केलीत; आमच्या डिस्कवर त्यातच बराच वेळ जात होता. पहिल्यांदा मध्येच वीज गेली आणि परत आल्यावर काम जिथे थांबले होते तिथूनच पुढे सरकले, तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या. आपण नेमके तेव्हा चहाला खाली गेला होता.

पण ज्या गोष्टीसाठी हे पत्र लिहायला बसले, ती वेगळी आहे. नऊ यंत्रांवर एकच डीव्हीडी हवी असेल तर एका यंत्रावर उतरवून पेनड्राइव्ह फिरवायचा, असे मी ठरवले होते. आपण एरिया२मध्ये एक सेटिंग चालू केलेत, जे मुळात बंद असते: स्थानिक जाळ्यातले पीअर, म्हणजे तीच फाइल घेणारी इतर यंत्रे, शोधण्याचे. त्यानंतर नऊही यंत्रांवर एकाच वेळी तीच फाइल सुरू करायला सांगितलीत. मला वाटले, आमची बारीक जोडणी आता पार कोलमडणार. प्रत्यक्षात झाले ते असे की ज्या यंत्राकडे बाहेरून जो तुकडा येई, तो उरलेली आठ यंत्रे आमच्याच स्विचवरून उचलून घेऊ लागली. आणि बिटटोरंट दुर्मीळ तुकडे आधी मागत असल्यामुळे प्रत्येक यंत्र शक्यतो वेगळा तुकडा बाहेरून आणू लागले. वायफायवरची दोन लॅपटॉप मात्र एकमेकांना दिसेनात. राउटर वायफायवरील यंत्रांना परस्परांपासून वेगळे ठेवत असणार, हे आपण जागेवरून न उठता सांगितलेत, आणि तसेच निघाले.

पेठहून येणाऱ्या एका मुलीने तेव्हा आपल्याला विचारले होते की माझ्या यंत्राकडे थोडेच तुकडे आहेत, तरी दुसरे यंत्र माझ्याकडे का मागते? आपण तिच्या शेजारी स्टूल ओढून बसलात आणि तिच्या पडद्यावर वर जाणारा वेग दाखवत अर्धा तास तिच्याशी बोललात. ते सगळे मला ऐकू आले नाही. त्यानंतरच्या आठवड्यात तिने स्थितिपानावर ‘किती घेतले’ याच्या शेजारी ‘किती दिले’ असा रकाना स्वतः जोडला. आमच्या प्लगइनमधला माझा हात न लागलेला भाग तेवढाच आहे, आणि तो सर्वांत नीट लिहिलेला आहे.

आपल्या सांगण्याप्रमाणे वर्ग सुटल्यावरही एक यंत्र रात्रभर चालू ठेवते, आणि त्याला वर पाठवण्याची मर्यादा सेकंदाला ५० केबी घातली आहे. मुक्तपणे वाटता येते तेवढेच उतरवायचे, ही आपली सूचना दारावर लावली आहे.

आपली निळी वही माझ्याकडेच राहिली आहे. तिच्यात आपण काढलेली आकृती मुलांनी उतरवून घेतली की परत आणून देईन. नवव्या यंत्राची डिस्क अलीकडे कुरकुरते आहे. येत्या रविवारी सवड झाली तर एकदा ऐकून जावी.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

आपली कृतज्ञ,
पंचवटीच्या वर्गातील शिक्षिका
नाशिक