नाटकाच्या तालमींना गावाची सोबत हवी आहे

समस्त ग्रामस्थ, माजी विद्यार्थी आणि नोकरी-धंद्यानिमित्त बाहेरगावी असलेल्या आपल्या माणसांना सप्रेम नमस्कार.

आपल्या जिल्हा परिषद शाळेच्या नाटकाच्या तालमी दिवाळीच्या सुट्टीनंतर सुरू झाल्या आणि पहिला आठवडा पार पडला. जानेवारीतल्या स्नेहसंमेलनात हे नाटक गावापुढे होईल. स्नेहसंमेलनाची वर्गणी आपण दरवर्षी देता. यंदाही पैसे लागणार आहेत, त्याबद्दल पुढे लिहिले आहे. पण पैशाच्या आधी आम्ही आपली संध्याकाळ मागतो आहोत. शाळा पाचला सुटते, तालीम रंगात यायला अर्धा तास जातो आणि सहाच्या सुमारास अंधार पडला की वस्तीवरची मुले दप्तर उचलून निघतात. पहिला आठवडा रोज असाच मोडला. मुलांची तयारी आहे, गुरुजी आणि बाई थांबायला तयार आहेत. अडचण अंधाराची आणि घरी परत जाण्याच्या वाटेची आहे, आणि ती गावाने मनावर घेतले तरच सुटेल.

नाटक आपल्याच महापुराचे आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 57 फुटांच्या वर गेली, तेव्हा आज पाचवी ते सातवीत असलेली ही मुले अंगणवाडीत नाहीतर पहिलीत होती. त्यांना पूर आठवतो तो तुकड्यातुकड्याने. कुणाला बोटीतली नारिंगी जाकिटे आठवतात, कुणाला छावणीतली खिचडी. म्हणून बाईंनी त्यांना घरोघरी विचारायला पाठवले. पाणी दारात आल्यावर आधी काय माळ्यावर चढवले? जनावरे कुठे नेली? घरातून सगळ्यात शेवटी कोण निघाले? मुलांनी वह्या भरून आणल्या. 2005 चे सांगणारे आजोबा होते, 2021 ला पुन्हा चिखल उपसलेल्या आया होत्या. त्या वह्यांतून बाईंनी संहिता लिहिली. तिच्यातली बहुतेक वाक्ये तुम्हीच कधीतरी बोललेली आहेत.

नाटकात पंधरा मुलांचा एक घोळका आहे. तो नदीची पातळी पुकारतो. 40 फूट, इशारा पातळी. 45 फूट, धोका पातळी. आकडे चढत जातात तसा घोळका रंगमंचावर एकेक पाऊल पुढे सरकतो आणि मधल्या घरातली जागा कमी कमी होत जाते. पाणी दाखवायला ना निळे कापड आहे ना यंत्र. आकडा, आवाज आणि पावले एवढ्यावरच पूर उभा राहतो. पटांगणात हा प्रवेश पहिल्यांदा उभा करून पाहिला, तेव्हा नळावर पाणी भरायला आलेल्या बायका घागरी खाली ठेवून उभ्या राहिल्या. 52 च्या पुढे आकडे गेल्यावर त्यांच्यातल्या एकीने पदर डोळ्याला लावला. तालीम अजून कच्ची होती, निम्म्या मुलांच्या हातात कागद होते, तरीही.

पहिले दोन दिवस कुणालाही भूमिका दिली नव्हती. सतरंजीवर गोल बसून प्रत्येकाने प्रत्येक पात्राचे वाचन केले. मुलग्यांनी आजी वाचली, मुलींनी तलाठी वाचला. मग आवाजाचे काम. निम्मी मुले पटांगणाच्या एका टोकाला, निम्मी पार पिंपळाखाली, आणि वाक्य न ओरडता पलीकडे पोहोचले पाहिजे. श्वास कुठे घ्यायचा, वाक्याचा शेवटचा शब्द कसा गिळायचा नाही, हे गुरुजी एकेका मुलापाशी थांबून सांगत होते. तिसऱ्या दिवशी पटांगणात चुन्याने रंगमंच आखला. आपल्या व्यासपीठाची लांबी-रुंदी मोजून तेवढाच. विंगा कुठे, घराचा उंबरा कुठे, माळ्याची शिडी कुठे, सगळ्याच्या रेघा मारल्या. सातवीतल्या एका मुलाने पाठांतर नीट होत नाही म्हणून स्वतःहून प्रॉम्प्टिंग, म्हणजे आडून वाक्ये पुरवण्याचे काम, मागून घेतले आणि आठवड्याअखेर सगळ्यांची वाक्ये त्याचीच पाठ झाली. त्याला आता तलाठ्याची भूमिका दिली आहे.

भाषेबद्दल शाळा व्यवस्थापन समितीत दोन मते पडली, हे गावाला कळायला हवे. मुलांनी शुद्ध बोलावे, बाहेरचे पाहुणे येतील, असे काही सदस्यांचे म्हणणे होते. चर्चा बरीच झाली. शेवटी आपल्या बोलीतच नाटक करायचे ठरले आणि तो निर्णय योग्यच झाला असे आमचे ठाम मत आहे. “म्हस सोडून म्या न्हाय यायची” हे आजीचे वाक्य पुस्तकी भाषेत बोलून पाहिले, तर म्हातारीचा हट्टही जातो आणि जीवही.

ही आजी करणारी मुलगी सहावीत आहे. तिचे आईवडील ऊसतोडीला बीड जिल्ह्यातून आले आहेत आणि टोळीच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, गावाबाहेर कारखान्याच्या रस्त्याला आहेत. वाचनाच्या दिवशी तिचा आवाज शेजारी बसलेल्या मुलीलाही ऐकू जात नव्हता. तिने कृष्णेचा पूर पाहिलेला नाही. तिने टंचाई पाहिलेली आहे, टँकर पाहिलेले आहेत. पण घर सोडून निघताना कोणती वस्तू हातात घ्यायची आणि कोणती मागे ठेवायची, हे तिला दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमाराला पाहायला मिळते. चौथ्या दिवशी आजी माळ्यावरून उतरायला नकार देते तो प्रवेश चालू असताना तिने कागद खाली ठेवला, चुन्याच्या उंबऱ्यावर फतकल मारून बसली आणि वाक्य तिच्या बीडच्या हेलात, पण पार पिंपळापर्यंत ऐकू जाईल असे म्हणाली. तो हेल तसाच ठेवायचा असे बाईंनी ठरवले आहे. नाटकातली आजी आता मराठवाड्यातून या गावात लग्न होऊन आलेली आहे.

तिची अडचण मात्र खरी आहे. आईवडील पहाटे फडावर जातात आणि अंधार पडल्यावर परततात. चार वर्षांचा धाकटा भाऊ तिच्यावर असतो. ती त्याला कडेवर घेऊन तालमीला येते आणि तो रडायला लागला की तिला प्रवेशातून बाहेर यावे लागते. टोळीतली आणि गावातलीही आणखी काही मुले अशीच लहान भावंडे सांभाळतात. म्हणून पहिली विनंती महिला बचत गटाच्या भगिनींना आहे. रोज दोघीजणी पाच ते साडेसात शाळेच्या पहिल्या वर्गात बसल्या आणि ही चिमुकली सांभाळली, तर तालमीत मोठे भाऊबहीण मोकळे होतील. पाळी लावून घेतली तर एकीच्या वाट्याला पंधरवड्यातून एखाद-दुसरी संध्याकाळ येईल.

दुसरी विनंती वाटेची. हंगाम सुरू आहे. उसाने भरलेले दोन-दोन ट्रेलर ओढणारे ट्रॅक्टर त्याच अरुंद रस्त्याने जातात आणि कित्येक ट्रेलरना मागे लाल दिवा नाही की रिफ्लेक्टर नाही. मळ्यातल्या आणि वस्तीवरच्या मुलांना अंधारात त्या कडेने चालायला लावणे आम्हाला मान्य नाही. त्यात शिराळा-वाळव्याकडे उसात बिबट्या दिसल्याच्या बातम्या आल्यापासून पालकांच्या मनात वेगळी धास्ती आहे, आणि त्यांनी मुलींना थांबू दिले नाही तर त्यात त्यांची चूक नाही. तरुण मंडळाच्या मुलांनी आणि ज्यांच्याकडे चारचाकी किंवा टेम्पो आहे त्यांनी वार वाटून घ्यावेत. साडेसातला मुले शाळेतून घ्यायची आणि प्रत्येकाला त्याच्या दारात सोडायचे, सोबत एक शिक्षक किंवा पालक सदस्य असेल. मुलींच्या गाडीत महिला पालक असेलच. कुणाच्या दारात किती वाजता मूल पोहोचले याची वही ठेवली जाईल. ट्रॅक्टरमालकांना वेगळे सांगणे आहे: ट्रेलरला मागच्या बाजूने रिफ्लेक्टरच्या पट्ट्या लावून घ्या. खर्च फार नाही, आणि ही विनंती नाटक झाल्यावरही कायम आहे.

ज्यांच्या फडात सध्या टोळी आहे त्या शेतकऱ्यांना आणि मुकादमांना एक शब्द टाकायचा आहे. टोळी दुसऱ्या गावाला हलणार असेल तर शाळेला आधी कळवा. शक्य असेल तर स्नेहसंमेलन होईपर्यंत तोडणी आपल्याच शिवारात राहील असा कार्यक्रम कारखान्याच्या चिटबॉयशी, म्हणजे तोडणीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या माणसाशी, बोलून लावता येतो का, तेही पाहा. आजीची दुसरी नटी तयार करता येईल, पण ती मुलगी ज्या नेटाने उभी राहिली आहे ते पाहता तिचा प्रयोग हुकू नये असे मनापासून वाटते.

उजेडाचे सोपे आहे. पटांगणाच्या दोन कोपऱ्यांवर दोन एलईडी फ्लडलाइट आणि वीज गेली तर चालेल असा एखादा इन्व्हर्टर, एवढे झाले तरी पुरे. गावातल्या वायरमनने जोडणी विनामूल्य करून देण्याचे कबूल केले आहे.

खाऊचेही बोलायला हवे. दुपारच्या पोषण आहारानंतर मुलांच्या पोटात काही नसते आणि सहा वाजता आवाज निघत नाही तो याच कारणाने. शेंगदाणे-गूळ, केळी, उकडलेली अंडी, चुरमुऱ्याचा चिवडा, ज्याला जे जमेल त्याने एक दिवस घ्यावा. 26 मुले आहेत. वाढदिवसाचे केक आणि वेफर्सची पाकिटे कृपया नकोत.

बाकी सामानात बांबू, जुने धोतर, नऊवारी लुगडी, घोंगडी, पितळी हंडे, कंदील आणि एक जुना रेडिओ लागेल. वस्तूवर नाव लिहून द्या, प्रयोगानंतर परत मिळेल. माळ्यासाठी मजबूत लेव्हल, म्हणजे रंगमंचावरचा उंच लाकडी चौथरा, सुताराकडून नव्याने करून घ्यावी लागणार आहे. शाळेच्या जुन्या लेव्हल्स, पडदा आणि बाजाची पेटी 2019 च्या पाण्यात गेली. मुलांचे वजन पेलणारी वस्तू असल्याने तिथे काटकसर करणार नाही.

सांगली जिल्ह्यात नाटकासाठी मदत मागताना संकोच वाटत नाही. 5 नोव्हेंबर 1843 रोजी विष्णुदास भावे यांनी सांगलीत मराठी नाटकाचा पहिला प्रयोग केला तो राजाश्रयाने, सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांच्या पाठबळावर. हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल नाटककार म्हणून सर्वांना ठाऊक आहेत. पण नटांकडून कसून काम करवून घेणारे तालीममास्तर म्हणूनही त्यांचा लौकिक होता. प्रयोगाच्या रात्री टाळ्या वाजवायला गाव येतेच. तालमीच्या दिवसांत पाठीशी उभे राहणारे कुणी असले की त्या टाळ्यांना काही अर्थ राहतो. आज आपल्या गावात राजा नाही, पण उसाचे बिल निघाले आहे, पुण्या-मुंबईत कमावणारी मुले आहेत, दुबईत असलेले दोघे-तिघे आहेत.

पैशाचा अंदाज असा: लेव्हल, पडदा, दिवे आणि इन्व्हर्टर मिळून 32,000 रुपये, प्रयोगाच्या दिवशीचा ध्वनी आणि प्रकाश 9,000 रुपये, मुलांना सोडणाऱ्या गाड्यांच्या डिझेलला 6,000 रुपये. एकूण 47,000. रक्कम शाळा व्यवस्थापन समितीच्या बँक खात्यात जमा करावी किंवा मुख्याध्यापकांकडे देऊन लगेच पावती घ्यावी. मुलांच्या हाती रोख रक्कम देऊ नये. दर शनिवारी जमाखर्च शाळेच्या आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लावला जाईल. जादा जमले तर पेटी घेऊ, कमी पडले तर प्रकाशयोजना साधी करू, गाड्या आणि खाऊ यांना हात लावणार नाही. देणगीदारांची नावे पडद्यावर किंवा फ्लेक्सवर छापली जाणार नाहीत, स्नेहसंमेलनात एकदा वाचून दाखवली जातील.

वेळ देऊ इच्छिणाऱ्यांची बैठक येत्या रविवारी सकाळी 9 वाजता शाळेत ठेवली आहे. वार वाटून घेण्याचा तक्ता तिथेच भरायचा आहे. रविवारी येणे जमणार नसेल तर शनिवारपर्यंत मुख्याध्यापकांना आपला वार सांगून ठेवा. सोमवारपासून तालीम साडेसातपर्यंत चालवायची आहे. सोमवार, मंगळवार आणि गुरुवार यांच्या गाड्या ठरल्या आहेत. बुधवार आणि शुक्रवार अजून मोकळे आहेत.

आपले नम्र,
अध्यक्ष, सचिव आणि सर्व पालक सदस्य
शाळा व्यवस्थापन समिती