ओएकुसेला आधी रोजची बोट द्या

संपादक साहेब,
तिमोर-लेस्ते हा इंडोनेशियाशेजारचा छोटा देश आसियानमध्ये, म्हणजे आग्नेय आशियातल्या देशांच्या संघटनेत गेला त्याच्या बातम्या वाचल्या, पण त्याच देशाच्या ओएकुसे या भागाबद्दल कुठंच काही दिसलं नाही म्हणून लिहितोय. हा भाग मुख्य देशापासून तुटलेला, तीन बाजूंनी इंडोनेशिया आणि एका बाजूला समुद्र, राजधानी दिलीला रस्त्यानं जायचं तर दोनदा बॉर्डर ओलांडायची नाहीतर तासन्‌तास बोटीत बसायचं, पेशंट सिरियस असला तर घरच्यांनी करायचं काय? पोर्तुगीज १५१५ ला उतरले ते इथंच, लिफाऊला, पुढं १७६९ ला त्यांनी राजधानी इथनं दिलीला नेली आणि हा भाग मागंच पडला. २०१४ पासून स्पेशल इकॉनॉमिक झोन म्हणून भरपूर पैसा ओतला, २०१९ ला मोठा विमानतळ पण झाला, पण तिथली बहुतेक लोकं अजून मका आणि भातावरच जगतात, पाऊस हुकला की हाल. होटगी रोडवरनं विमान उडायची आपण सोलापूरकरांनी किती वर्षं वाट बघितली, त्यामुळं त्यांची तडफड मला कळते. पण रोजची स्वस्त बोट आणि बॉर्डरवर कागदांची कटकट कमी, हे विमानतळाच्या आधी व्हायला पाहिजे होतं.

- एक वाचक, सोलापूर